सहाशेव्या भागातलं मरण

१

बुधवारी सकाळी ‘आमचं काय जातं’ या मालिकेतला शेजारी वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर मेला. साडेनऊपर्यंत स्टुडिओतल्या प्रत्येकाला मारेकरी कोण ते कळलेलं होतं. फक्त प्रत्येकाचा मारेकरी वेगळा होता.

बातमी चौकटीत होती. वहीताईंनी ती निर्मात्यांच्या खोलीबाहेर उभ्या उभ्या तीनदा वाचली.

‘लाडक्या शेजाऱ्याचा अंत! शुक्रवारी चित्रित होणाऱ्या सहाशेव्या भागात शेजारी जिन्यावरून पडून मरतो. शोकसभेत त्याच्या जुन्या पत्रांविषयी बोलताना शेजारीण म्हणते, “कपाटात अजून तशीच आहेत.” घराची किल्ली हातात घेऊन रखवालदार विचारतो, “आता कुणाला देऊ?” आणि कुटुंबप्रमुखाच्या “आता परत कुणाला करू?” या शब्दांवर प्रसंग संपतो. बारा वर्षांत पहिल्यांदाच या मालिकेत सलग चार मिनिटं कुणी हसणार नाही.’

वहीताईंचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. एका शॉटमध्ये पेला टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात असेल, तर पुढच्या शॉटमध्ये तो उजवीकडे उडी मारणार नाही, एवढं बघायचं. त्यासाठी त्या वही ठेवत, आणि त्या वहीमुळे त्यांचं मूळ नाव लोक केव्हाच विसरले होते.

शेजारी हेही त्या नटाचं नाव नव्हतं. मालिकेत तो दार न वाजवता आत येई, या कुटुंबाची कधीच नसलेली एखादी वस्तू पुढे करी, “तुमचंच असणार,” म्हणे आणि जाताना त्यांची खरीखुरी एखादी वस्तू बगलेत मारून नेई. एवढंच काम. एका भागात फार तर दोनदा. पण बारा वर्षं लोक त्या दाराकडेच डोळे लावून बसत, आणि मालिकेच्या हिरोला हे बारा वर्षं सलत होतं.

निर्मात्यांच्या टेबलावर बातमीशेजारी एक जाडसर कागद पडला होता.

“पुढच्या तीन वर्षांचा करार,” निर्माते शेजाऱ्याला म्हणाले. “शुक्रवारी यावर तुझी सही व्हायची होती. आता मला एक कारण सांग, मी हा फाडू का नये?”

शेजारी खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याची नजर बातमीवर होती.

“उघड आहे सगळं,” हिरो खिडकीतून वळून म्हणाला. कुटुंबप्रमुखाची भूमिका त्याची, आणि स्टुडिओतही तो त्याच तोऱ्यात वावरे. “हा मरणार म्हटल्यावर लोक गळे काढणार. मग हा सहीला येणार मान ताठ करून. मी स्पष्ट सांगतो, आता एक तर हा, नाहीतर मी.”

“अहो, पण तो मरतच नाही ना!” लेखक वैतागला. “स्वप्न आहे ते!”

खरंच होतं ते. तिसऱ्या प्रसंगाच्या शेवटी कुटुंबप्रमुखाचा सोफ्यावर डोळा लागतो. चौथा प्रसंग, म्हणजे शोकसभा, हे त्याचं स्वप्न. पाचव्या प्रसंगात तो दचकून जागा होतो, दार उघडतं आणि शेजारी धडधाकट आत येतो. हे सगळं संपूर्ण संहितेत लिहिलेलं होतं, आणि संपूर्ण संहिता पाचच जणांकडे होती: निर्माते, दिग्दर्शक, लेखक, हिरो आणि वहीताई.

“स्वप्न असो नाहीतर आणखी काही,” निर्माते म्हणाले. “कथा फोडेल तो बाहेर. तीन वर्षांपूर्वी नियम केला तेव्हा टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. बोल बाबा. तू फोडलीस?”

शेजाऱ्याने बातमीवरून नजर उचलली. “तुम्हाला तसं वाटतंय ना?” तो शांतपणे म्हणाला. “मग तसंच असेल.”

“पानं मी वाटली,” वहीताई पटकन म्हणाल्या. “फुटलं कुठून ते शोधायची जबाबदारी माझी. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

“पाच वाजता मला नाव हवं, बाई. तुम्हाला नाही सापडलं, तर माझ्यासमोर बसलंय ते चालेल.”

बाहेर पडताना वहीताईंच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. बारा वर्षांत हा माणूस एकदाही संवाद विसरला नव्हता. मग ‘नाही’ एवढा दोन अक्षरी संवाद आजच कसा विसरला?

२

छोट्या भूमिका करणाऱ्यांना संपूर्ण संहिता मिळत नसे. ज्याचं ज्या प्रसंगात काम, त्याला तेवढीच पानं. त्या पानांवरही स्वतःचे संवाद पूर्ण, समोरच्याच्या संवादाचे मात्र शेवटचे तीन-चार शब्द. आपली पाळी कधी ते कळण्यापुरते. सोमवारी ही पाकिटं वहीताईंनी स्वतःच्या हातांनी वाटली होती.

बातमी लिहिणाऱ्याला शेजारी मेला असं मनापासून वाटत होतं. म्हणजे त्याला चौथा प्रसंग कळला होता, मागचा-पुढचा नाही. शेजाऱ्याच्या पाकिटात पहिला आणि पाचवा प्रसंग होता. चौथ्यात तो मेलेला असल्याने ती पानं त्याला दिलीच नव्हती. चौथ्यात माणसं तीनच: हिरो, शेजारीण आणि रखवालदार. हिरोला स्वप्न ठाऊक. उरले दोघं.

शेजारीणबाई मेकअपच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. पडद्यावर त्या शेजाऱ्याची बायको. पडद्याबाहेर चार नातवंडांची आजी आणि स्टुडिओतली सगळ्यांत तिखट जीभ.

“ये गं, बस,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. “माझ्यावर संशय घ्यायला आलीस ना?”

“सगळ्यांवर घेतेय.”

“मग माझ्यावर जरा जास्त घे. बारा वर्षं मी त्याच्या पाठीमागून आत येतेय. लोक त्याला हसून दमतात तेव्हा माझं तोंड दिसतं. तो गेला तर ते दार माझं! लेखकाला मी म्हटलंसुद्धा, नवरा मेल्यावर बाई वस्तू परत करत फिरते, बघ किती बहार येईल.”

“मग फोडलंत?”

शेजारीणबाईंनी एक डोळा उघडला. “मला दार हवंय गं, तिरडी नको. मी फोडलं असतं तर माझं वाक्य तरी धड छापून आणलं असतं. अख्ख्या प्रसंगातलं सगळ्यांत चांगलं वाक्य माझं आहे, आणि त्या मेल्यांनी त्याची पार वाट लावलीय.”

रखवालदाराचं काम करणारा नट दुसऱ्या चित्रीकरणावर होता. त्याला गुरुवारी वेळ नव्हता, म्हणूनच चौथ्या प्रसंगाची तालीम मंगळवारी सकाळी आधी उरकली होती. फोनवर तो भलताच भडकला. “ताई, महिन्यातून एकदा तुमच्याकडे येतो मी. तीन वाक्यांसाठी. त्या तीन वाक्यांसाठी मी नोकरी घालवेन होय? आणि किल्ली काय घराची आहे का? काहीच्या बाही छापतात!”

वहीताईंनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि शेजाऱ्याच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत हशाकाका भेटले. वरच्या मजल्यावरच्या ध्वनिखोलीत हेडफोन घालून बसणारा हा माणूस मालिकेला हशा पुरवत असे: कुठे खुसखुस, कुठे खदखद, कुठे नुसतीच कुजबुज. त्यांच्याकडे हशाच्या दोनशेच्यावर फिती होत्या. आज त्यांचे डोळे सुजलेले दिसत होते.

“वाचलंत ना, ताई?” त्यांनी विचारलं. “त्याचा प्रवेशाचा हशा मी वेगळा ठेवलाय, पहिल्या वर्षापासून. खऱ्या लोकांचा. आता तो मी कुणाला लावू?”

तो मरत नाही, हे वहीताईंच्या ओठांवर आलं होतं; पण संहितेबद्दल बोलायचं नाही हा नियम त्यांनाही होता. “बघू काका, काय होतं ते,” एवढंच म्हणून त्या पुढे गेल्या.

शेजारी खोलीत कडक बिस्किटं खात बसला होता.

“मंगळवारी दुपारी तुम्ही स्टुडिओत नव्हता,” वहीताई म्हणाल्या. “दारावरच्या नोंदीत तीन तास बाहेर आहात. कुठे होता?”

“दाताच्या डॉक्टरकडे. दाढ काढली.”

“कुठली?”

“ही, डावीकडची.” त्याने गालाला हात लावला आणि त्याच बाजूच्या दाढेखाली बिस्किट कडाकड फोडलं.

दोघांनीही तो आवाज ऐकला. तो हसला नाही, ओशाळलाही नाही. त्याने पुडा पुढे केला. “घ्या ना, ताई.”

“तुम्हाला काढून टाकतील. कळतंय का?”

“कळतंय.”

“मग बोलत का नाही?”

“तुम्ही शोधताय ना? शोधा,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “पण फार नका शोधू.”

३

गुरुवारी सकाळी वहीताईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि बातमी टेबलावर ठेवली. डोक्यात शेजाऱ्याचं ते शेवटचं वाक्य ठणकत होतं. त्याला काहीतरी लपवायचं होतं, यात शंका नव्हती. पण खोटं बोलणारा प्रत्येक माणूस त्याच एका गोष्टीबद्दल खोटं बोलत असतो असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं नटांमध्ये काढल्यावर तेवढं कळतंच.

त्यांनी बातमी बाजूला ठेवून संहिता काढली आणि चौथ्या प्रसंगाच्या वाक्यांवर पेन्सिलने खुणा केल्या.

शेजारीणबाईंचं वाक्य संहितेत असं होतं: “यांनी तुमच्याकडून उचलून आणलेली सगळी भांडी कपाटात अजून तशीच आहेत.” भांडी! बातमीत मात्र जुनी पत्रं होती. शोकसभेत पत्राचं नावसुद्धा नव्हतं.

रखवालदाराचं वाक्य: “त्यांच्या सायकलची किल्ली रोज माझ्याकडे असायची. ती आता कुणाला देऊ?” बातमीत घराची किल्ली.

वहीताईंनी पेन्सिल खाली ठेवली.

शेजारीणबाईंच्या पानावर त्यांचं स्वतःचं वाक्य पूर्ण होतं. त्यांनी बातमी दिली असती तर भांड्यांची पत्रं झाली नसती. रखवालदाराच्या पानावर त्याचं वाक्य पूर्ण होतं. त्याने दिली असती तर सायकलचं घर झालं नसतं. हिरोने मुद्दाम खोटी बातमी पेरली म्हणावं, तर त्याच्याकडे सगळ्यांचीच वाक्यं पूर्ण होती. मग तीन वाक्यांपैकी एकाचंही तोंड धड का नसावं? आणि हिरोचं स्वतःचं वाक्य, “ही छत्री माझी नाही, पण आता परत कुणाला करू?” त्यातली छत्री बातमीत कुठेच नव्हती.

म्हणजे बातमी देणाऱ्याच्या हातात असा कागद होता, ज्यावर तिघांच्याही वाक्यांच्या नुसत्या शेपट्या होत्या. बाकीचं त्या वार्ताहराने पदरचं घातलं होतं.

पण असा कागद नव्हताच. प्रत्येक नटाला निदान स्वतःचं वाक्य तरी पूर्ण मिळतं. वहीताईंनी वाटलेली पाकिटं वहीतल्या नोंदीवरून पुन्हा मोजली. एकदा, दोनदा. सगळी जागच्या जागी. मंगळवारी सकाळी तालमीला होते ते तिघं नट, दिग्दर्शक आणि त्या स्वतः. त्या सगळ्यांनी वाक्यं कानांनी पूर्ण ऐकली होती.

बारा वाजून गेले. बाहेर पाचव्या प्रसंगाच्या तालमीची हाक ऐकू आली. वहीताई उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच थबकल्या.

काल सकाळपासून त्या संवादांमागे लागल्या होत्या. बातमीचं शेवटचं वाक्य त्यांनी दर वेळी वार्ताहराचा मसाला म्हणून सोडून दिलं होतं.

सलग चार मिनिटं कुणी हसणार नाही.

चार मिनिटं? संहितेत प्रसंगाची मिनिटं लिहिलेली नसतात. ती मंगळवारी तालमीत त्यांनीच घड्याळ लावून मोजली होती आणि दिग्दर्शकाला सांगितली होती. दिग्दर्शकाने ती एकाच कागदावर उतरवून घेतली होती. आणि कुणी हसणार नाही, हे तर संहितेच्या कुठल्याच पानावर नव्हतं. हसायचं की नाही, कुठे आणि किती, हे ठरतं तालमीनंतर, आणि लिहिलं जातं त्याच कागदावर.

तो कागद नटाला जात नाही. तो वर जातो.

४

ध्वनिखोलीत खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड लावलेलं होतं, त्यामुळे आत गेलं की स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येई. हशाकाकांनी हेडफोन काढून गळ्यात घातले.

“काका, मंगळवारचा हशाचा कागद दाखवता?”

त्यांनी विचारलं नाही कशाला ते. खण उघडून त्यांनी कागद काढला आणि समोर ठेवला. दिग्दर्शकाचं घाईघाईतलं अक्षर होतं: ‘प्रसंग चार. जिन्यावरून पडल्यानंतरची शोकसभा. चार मिनिटं. हशा नाही.’ खाली तीन जागा दाखवल्या होत्या, जिथे सवयीने हात जाण्याची भीती होती. शेजारीण: ‘कपाटात अजून तशीच आहेत’, शांतता. रखवालदार, हातात किल्ली: ‘आता कुणाला देऊ’, शांतता. कुटुंबप्रमुख: ‘आता परत कुणाला करू’, शांतता.

स्वप्नाचा उल्लेख नव्हता. हशा द्यायला तो लागतच नाही.

“तुम्ही तालमीला कधीच का येत नाही हो, काका?”

“आलो तर आधीच हसून घेतो. मग इथे हात चुकतो.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “ताई, बारा वर्षांत शांतता हा शब्द माझ्या कागदावर कधी आला नव्हता. एकदाही नाही. त्याचं लग्न मोडायला आलं, घर गळलं, तुरुंगात गेला, तरी हशा होताच. आणि मंगळवारी एका कागदावर तीनदा शांतता! मला काय वाटणार? ह्या वेळी खरंच मारतायत, असंच ना?”

“म्हणून फोन केलात?”

“इथूनच. ह्याच फोनवरून. त्या वार्ताहराला कागद वाचून दाखवला. म्हटलं लोक चवताळले की ह्यांना त्याला जिवंत ठेवावंच लागेल. मी काय दुसरं करणार? मी काही बोललो तर कोण ऐकतं? माझं काम लोकांना ऐकू येतं, मी नाही.”

“काका, तो मरत नाही. स्वप्न आहे ते. पाचव्या प्रसंगात तो दारातून आत येतो.”

हशाकाका त्यांच्याकडे बघत राहिले. हसू यावं तसं त्यांचं तोंड हललं आणि तसंच वाकडं राहिलं.

“येतो?”

“येतो. पण बातमी त्याने फोडली असं सगळे धरून चाललेत. आज पाचला त्याला काढतायत.”

हे मात्र वरच्या मजल्यावर पोचलंच नव्हतं. हशाकाका उभे राहिले, हेडफोनची वायर टेबलाला अडकली, ती सोडवायलाही ते थांबले नाहीत. “चला, ताई. आत्ता. मी सांगतो निर्मात्यांना. मला काढू देत. माझं काय, आज ना उद्या घरी बसायचंच आहे.”

“आधी त्याला सांगू,” वहीताई म्हणाल्या. “त्याच्या मानेवरचं ओझं आहे. पहिलं त्याला कळू दे.”

त्यांना वाटत होतं, ऐकून तो सुटकेचा श्वास टाकेल.

५

तालीम संपवून शेजारी खोलीत आला तेव्हा चार वाजले होते; त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो उठला, खोलीचं दार आतून लावलं आणि म्हणाला, “हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही.”

“सांगू नका.”

वहीताईंच्या मनातला कालचा संशय एकदम फणा काढून उभा राहिला. “मंगळवारी कुठे होता तुम्ही? दाढेचं सोडून सांगा.”

त्याने दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

“नाटकाच्या निवडीला गेलो होतो,” तो म्हणाला. “म्हाताऱ्या शिक्षकाचं काम आहे. दोन अंक. एकही विनोद नाही. मी दारातून आत आलो आणि समोर बसलेले सगळे हसले. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, पुन्हा या. पुन्हा आलो, पुन्हा हसले. अकरा वेळा, ताई! चूक कुणाची नव्हती. मला बघितलं की लोकांचं तोंड आपोआप उघडतं. बाराव्या वेळी आलो तेव्हा कुणी हसलं नाही. त्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात उभं करतोय, तुम्ही आहात.”

“मग अभिनंदन! दाढ काढल्याची थाप कशाला मारलीत?”

“करार वाचलाय तुम्ही माझा? मालिका चालू असताना मी पुढची सही नाकारली, तर दोन वर्षं दुसरीकडे कुठेही काम करायचं नाही. त्यांनी मला काढलं, तर दुसऱ्याच दिवशी मोकळा.” त्याने बातमीचा कागद पुढे सरकवला. “हे कुणी छापून आणलं मला खरंच माहीत नव्हतं. पण काल सकाळी निर्मात्यांनी विचारलं, तू फोडलीस का, आणि मला दार दिसलं.”

“चोराचा शिक्का घेऊन बाहेर पडणार?”

“ताई, मोठा भाऊ गेला तेव्हा मी स्मशानात उभा होतो. एक गृहस्थ जवळ आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, एकदा ते तुमचंच असणार म्हणा ना. चांगला माणूस होता. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी म्हटलं. भावाच्या चितेसमोर मी ते म्हटलं. त्यापेक्षा कुठला शिक्का वाईट आहे?”

हशाकाका इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते.

“म्हणजे मी तुला वाचवायला गेलो,” ते चाचरत म्हणाले, “आणि तुला वाचायचंच नव्हतं?”

“वाचायचं होतं, काका. तुम्ही चुकीच्या बाजूने ओढत होता एवढंच.” शेजाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आता खरं सांगितलंत तर तुम्ही घरी जाल आणि मी तीन वर्षं त्या दारात. वाचवायला निघालात ना मला? मग वाचवा. गप्प बसा.”

“आणि मी?” वहीताईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “मी वीस वर्षांत एक खोटी ओळ लिहिलेली नाही. बशी फुटली तर फुटली लिहिते, मग ती हिरोने का फोडलेली असेना. मला आता पाच वाजता जाऊन काय सांगायचं?”

“ते मी तुम्हाला सांगणार नाही,” शेजारी म्हणाला. “काल तुम्हाला फार शोधू नका म्हटलं, ते त्यासाठीच.”

घड्याळात साडेचार झाले होते.

६

निर्मात्यांच्या खोलीत सगळे आधीच येऊन बसले होते. हिरो खिडकीपाशी. लेखक नखं खात. शेजारीणबाई बोलावणं नसताना आल्या होत्या आणि सगळ्यांत चांगली खुर्ची त्यांनी धरली होती. शेजारी दाराजवळ उभा. हशाकाकांना वहीताईंनी वर पाठवून दिलं होतं. तिथून काही ऐकू येत नाही.

“हं, बाई,” निर्माते म्हणाले. “नाव?”

वहीताई तयारीनिशी आल्या होत्या. भांडी आणि पत्रं, सायकल आणि घर, चार मिनिटं आणि शांतता. दोन मिनिटांत या खोलीतल्या प्रत्येकाला त्यांनी गप्प केलं असतं. बारा वर्षं हे लोक आपल्याला पेल्यांवर लक्ष ठेवणारी बाई समजत आलेत, हेही एकदा त्यांना दाखवता आलं असतं. तो मोह त्यांना झाला, आणि तो किती मोठा आहे हे बघून त्या स्वतःच चपापल्या.

“शेजारीणबाईंनी नाही,” त्या म्हणाल्या. “रखवालदाराने नाही. हिरोंनीही नाही.”

“वा, उपकार झाले,” हिरो म्हणाला.

“पानं सोमवारी वाटली. मंगळवारी दुपारी हे तीन तास बाहेर होते.” त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याच्या पाकिटात चौथा प्रसंग नव्हताच हेही सांगितलं नाही. “कुठे होता विचारल्यावर दाढ काढायला गेलो म्हणाले. दाढ जागेवर आहे.”

शेजारीणबाईंनी झटकन मान वळवून वहीताईंकडे पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं होतं. किती, ते वहीताईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. मग त्या पुन्हा सरळ बसल्या आणि साडीचा पदर नीट करू लागल्या.

“तुला काही म्हणायचंय?” निर्मात्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

“नाही.”

या वेळी तो शब्द त्याला बरोबर आठवला.

“उद्याचा भाग करायचा आणि जायचं,” निर्माते म्हणाले. त्यांनी करार उचलला, उभा फाडला, मग आडवा फाडला. काम ठरल्यासारखं झालं, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. “बारा वर्षं, रे,” ते पुटपुटले. “निदान मला येऊन सांगायचंस काय हवंय ते.”

हिरोने खिडकी लावून घेतली. जिंकल्यावर काय करायचं ते त्याने ठरवलेलं दिसत नव्हतं.

“बाई, हे मला लेखी लागेल,” निर्माते म्हणाले. “कायद्याचं काम आहे. तोंडी चालत नाही. दोन ओळी लिहा, सही करा.”

वहीताईंना हे सुचलं नव्हतं. बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर पेन टेकलं आणि तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. खोलीत कुणी हललं नाही. दारापाशी उभ्या असलेल्या माणसाने मात्र हळूच डोळे मिटले, पडदा वर जायच्या आधी नट मिटतात तसे.

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. कथा कुणी फोडली ते लिहिलं, कशावरून ते लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. खाली सही केली, तारीख घातली, आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ टाकली: पाच वाजून सात मिनिटं.

त्या कागदावर तेवढं खरं होतं.